दोन घातले, तीन घातले, तरी उत्तर ‘डी’ कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “दोन वर्षं बँकेच्या परीक्षा दिल्या, आता परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेची तयारी करतोय. गणित बरं आहे. पण राशी ए मोठी की राशी बी, या प्रकारात घात होतो. क्षच्या जागी दोन-तीन आकडे घालून बघतो, दर वेळी एकच बाजू मोठी येते, ती टिक करतो आणि उत्तर निघतं डी, म्हणजे ‘ठरवता येत नाही’. मग पुढच्या प्रश्नाला घाबरून डी मारतो, तर तिथे ए असतं. डी नेमका कधी निवडायचा, आणि सराव कसा करायचा?”

आधी बँकेच्या परीक्षांचे क्लास घ्यायचे, गेली काही वर्षं जीआरईचं गणित शिकवते, त्यामुळे तुमची वाट चालून आलेली बरीच मुलं पाहिली आहेत. तुमचं गणित कच्चं नाही. तुम्ही प्रश्न चुकीचा सोडवत नाही, भलताच प्रश्न सोडवताय. ‘कुठली राशी मोठी?’ असं तुम्ही स्वतःला विचारता. परीक्षा विचारते, ‘एकच राशी कायम मोठी राहते का?’ पहिल्या प्रश्नाला एक आकडा पुरतो. दुसऱ्याला हजार आकडेही पुरत नाहीत, आणि कधी कधी दोनच पुरतात.

बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी. या प्रकारात दोन राशी शेजारी-शेजारी देतात, वर कधी एखादी अट असते, कधी काहीच नसतं. पर्याय चारच, आणि प्रत्येक प्रश्नाला तेच त्याच क्रमाने: ए मोठी, बी मोठी, दोन्ही समान, दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई आखूड झाली. आता गणिताचे दोन भाग असतात, १२ प्रश्नांना २१ मिनिटं आणि १५ प्रश्नांना २६ मिनिटं. या २७ प्रश्नांत साधारण तिसरा हिस्सा तुलनेचा. अमेरिकेतल्या सॅट या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेतही हा प्रकार होता, तिथून तो २००५ साली गेला. जीआरईने मात्र सोडला नाही, आणि माझ्या मते बरंच केलं. पाठांतरावर गणित ओढणारा विद्यार्थी इथे लगेच उघडा पडतो.

आता बँकेच्या सवयीबद्दल, कारण तुमच्या निम्म्या चुका तिथून येतात.

बँकेच्या पूर्वपरीक्षेत वर्गसमीकरणांचा संच असतो. एक समीकरण क्षचं, एक यचं, मुळं काढा आणि संबंध सांगा. समजा क्ष² − ७क्ष + १२ = ० आणि य² − ९य + २० = ०. अवयव पाडले की क्ष ३ किंवा ४, य ४ किंवा ५. क्ष कधी यपेक्षा लहान, कधी समान, मोठा कधीच नाही. तिथे यासाठी स्वतंत्र पर्याय असतो: ‘क्ष लहान किंवा समान’. तुम्ही तो डोळे मिटून मारत असणार.

हीच दोन समीकरणं जीआरईत आली, राशी ए क्ष आणि राशी बी य, तर उत्तर डी. कारण जीआरईत ‘लहान किंवा समान’ नावाचा खणच नाही. ‘कधी लहान, कधी समान’ हेही तिथे ‘ठरवता येत नाही’मध्येच जातं. बँकेच्या परीक्षेत बरोबरीचा धक्का बसला तरी तुमचं उत्तर टिकत होतं, इथे एकदाही बरोबरी झाली की उत्तर मोडलं. हा फरक कोणी नीट सांगत नाही. परवाच एका मुलाने ‘क्ष² = १६; राशी ए: क्ष, राशी बी: ४’ या प्रश्नाला बी लिहिलं. “मॅडम, क्ष चारपेक्षा मोठा होऊच शकत नाही ना?” खरंय, मोठा होऊ शकत नाही. पण क्ष उणे चार असला तर बी मोठी, चार असला तर समान. दोन वेगळे निकाल लागले, म्हणजे डी.

(इथेच एक सांगून ठेवते. क्ष² = १६ म्हटलं की क्षच्या दोन किमती. पण वर्गमूळाचं चिन्ह घालून १६ लिहिले की त्याची किंमत फक्त ४, उणे ४ नाही. दोन्ही परीक्षांत हेच धरतात, आणि दोन्हीकडे मुलं याची गल्लत करतात.)

आता तुमच्या ‘दोन-तीन आकडे घालून बघतो’कडे वळू. कोणते आकडे घालता? मी पैज लावते: २, ३, फार तर १०. तिघंही एकाच वाड्यातले. एकाने ‘हो’ म्हटलं की बाकीचे माना डोलावतात. आकडे घालताना पहिला आकडा तुमचं मत तयार करायला घ्यायचा आणि दुसरा ते मत पाडायला. पहिला साक्षीदार, दुसरा उलटतपासणी घेणारा वकील. दुसरा आकडा निवडताना मनात एकच प्रश्न हवा: पहिल्याच्या विरुद्ध कोण बोलेल?

मी वर्गात फळ्यावर संख्यारेषा काढून त्यावर सात खुणा करते: उणे २, उणे १, उणे अर्धा, ०, अर्धा, १, २. मग क्ष³ आणि क्ष⁵ यांची तुलना करायला सांगते. क्ष २ असेल तर ८ आणि ३२, बी मोठी. १ ला समान. अर्ध्याला एक अष्टमांश आणि एक बत्तिसांश, म्हणजे ए मोठी. शून्याला पुन्हा समान. उणे अर्ध्याला दोन्ही ऋण, पण उणे एक बत्तिसांश शून्याच्या जास्त जवळ, म्हणून बी मोठी. उणे १ ला समान. उणे २ ला उणे ८ आणि उणे ३२, ए मोठी. डावीकडून उजवीकडे वाचलं तर ए, समान, बी, समान, ए, समान, बी. प्रत्येक खुणेला निकाल पालटतो. हा तक्ता एकदा स्वतःच्या हाताने कागदावर मांडा. ऋण संख्या, शून्य, एक, आणि शून्य ते एकमधले अपूर्णांक का तपासायचे, हे त्यानंतर कुणी सांगावं लागत नाही. परीक्षेत मात्र सातही घालत बसू नका. दोन वेगळे निकाल मिळाले की डी मारून पुढे जा. खात्रीसाठी तिसरा आकडा घालणारे विद्यार्थी नंतर वेळ पुरला नाही म्हणून रडतात.

पण आकड्यांवर सगळी भिस्त ठेवली तर काय होतं, तेही सांगते. ही माझी स्वतःची फजिती आहे. सुरुवातीच्या काळात एकदा ऐन वर्गात मी प्रश्न घातला: राशी ए क्ष² + ९, राशी बी ६क्ष. अट काही नाही. ऐटीत आकडे घालत गेले. शून्याला ९ आणि ०. एकला १० आणि ६. उणे एकला १० आणि उणे ६. अर्ध्याला सव्वानऊ आणि ३. दहाला १०९ आणि ६०. ऋण झालं, शून्य झालं, अपूर्णांक झाला, मोठी संख्या झाली. सगळीकडे ए. मी फळ्यावर ‘ए’ लिहून त्याला गोल केला. मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, तीन घाला ना.” तीनला १८ आणि १८.

त्या मुलीने आकडे घातलेच नव्हते. तिने वजाबाकी केली होती. क्ष² + ९ मधून ६क्ष वजा केले की क्ष² − ६क्ष + ९, म्हणजे (क्ष − ३)². वर्ग ऋण नसतो, म्हणून बी कधीच मोठी नाही. पण तो शून्य होऊ शकतो, बरोबर तीनला. म्हणून डी. आता नवाच्या जागी दहा करा: क्ष² + १० आणि ६क्ष. वजाबाकी होते (क्ष − ३)² + १, म्हणजे किमान १. आता उत्तर ए, आणि ते कुठल्याही क्षसाठी पक्कं. एका आकड्याच्या फरकाने उत्तर डीचं ए झालं, आणि माझ्या त्या पाच आकड्यांना या दोन प्रश्नांतला फरक कधीच दिसला नसता. पाचही वेळा दोन्हीकडे ए.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे. डी सिद्ध करायला आकडे लागतात: दोन किमती, दोन वेगळे निकाल, बस. ए, बी किंवा सी सिद्ध करायला आकडे पुरत नाहीत, तिथे बीजगणित लागतं, आणि बहुतेक वेळा ते बीजगणित म्हणजे एक राशी दुसरीतून वजा करून उरलेल्याचं चिन्ह बघणं. तुम्ही आजवर ए सिद्ध करायला आकडे वापरत होता आणि डी निवडायला भीती.

अजून एक उदाहरण, कारण वजाबाकी किती वेळ वाचवते ते बघण्यासारखं आहे. अट: क्ष × य < ०. (गुणाकाराचं चिन्ह मुद्दाम घातलंय, मराठीत जोडून लिहिलं तर क्षय होतो.) राशी ए (क्ष + य)², राशी बी क्ष² + य². आकडे घालणारा १ आणि उणे २ घेईल, मग उणे अर्धा आणि ३, मग विचार करत बसेल. विस्तार करणारा बघतो की ए मध्ये बीपेक्षा फक्त २ × क्ष × य जास्तीचं आहे, आणि अटच सांगते की ते ऋण आहे. बी. दहा सेकंद. अट दिली असेल तर ती नेमकी कुठल्या पदाचं चिन्ह सांगते, हे शोधायचं. अट शोभेसाठी दिलेली नसते.

दोन्ही राशींवर काय करायला चालतं, यातही मुलं घसरतात. दोन्हीत तीच गोष्ट मिळवा किंवा वजा करा, काहीही बिघडत नाही. गुणाकार-भागाकार मात्र चिन्ह माहीत असेल तरच. राशी ए ३क्ष, राशी बी ५क्ष असेल तर हात आपोआप क्ष खोडायला जातो, ३ आणि ५ उरतात, बी. चूक. क्ष शून्य असेल तर समान, ऋण असेल तर ए मोठी. खोडलेल्या क्षबरोबर त्याचं चिन्हही खोडलं गेलं. तसंच म > न दिलं आणि एक भागिले म, एक भागिले न यांची तुलना आली, तर ‘छेद मोठा म्हणजे अपूर्णांक लहान’ हे शाळेतलं वाक्य आठवतं. ते वाक्य धन संख्यांचं आहे. म १ आणि न उणे १ घ्या, उलटं होईल. म × न > ० अशी अट असती तर बी पक्की होती. वर्ग करण्याचंही तसंच: १ हा उणे ५ पेक्षा मोठा, पण वर्ग केले की उलट.

चिन्ह प्रश्नात लिहिलेलंच असतं असंही नाही. एखाद्या साडीची किंमत प रुपये, आधी २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी उतरवली, आताची किंमत आणि मूळ किंमत यांची तुलना करा. आताची किंमत ०.९६प. इथे ‘प ऋण असेल तर?’ म्हणून डी मारणारेही भेटले आहेत. साडीची किंमत ऋण नसते. लांबी, वय, माणसांची संख्या, सगळ्यांचं तसंच. माणसं तर अपूर्णांकातही येत नाहीत.

आणि राशींत अक्षरच नसेल तर? १७ × २३ आणि २०², असं काही. दोन्हीकडे ठरलेल्या संख्या, मग ‘ठरवता येत नाही’ हे शक्यच नाही. डी तिथल्या तिथे बाद. (गुणाकार करायचीही गरज नाही, २० − ३ आणि २० + ३ यांचा गुणाकार म्हणजे ४०० मधून ९ वजा.)

आता एक मुद्दा खास मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी, तुम्ही त्यातले असाल तर. आपण शाळेत नैसर्गिक संख्या, पूर्ण संख्या आणि पूर्णांक संख्या शिकलो. पूर्ण म्हणजे ०, १, २ आणि पुढे. पूर्णांक म्हणजे त्यांच्याबरोबर ऋणही. जीआरईत ‘इंटिजर’ वाचलं की डोक्यात ‘पूर्ण’ आणि ‘पूर्णांक’ एकमेकांवर चढतात आणि उणे संख्या गळून पडतात. अट अशी: क्ष पूर्णांक आहे, ४ < क्ष² < १०. बहुतेक जण क्ष = ३ लिहून मोकळे होतात. उणे ३ राहिला. दुसरा शब्द ‘नॉन-निगेटिव्ह’. त्याचा अर्थ ‘धन’ नव्हे, ‘ऋण नसलेली’, म्हणजे शून्यही त्यात आलं. आणि कुठलीच अट नसेल तर क्ष पूर्णांक आहे असं गृहीत धरायचं नाही. ५ आणि ७ च्या मधला क्ष म्हणजे ६ नव्हे, साडेपाचही चालतो, सहा पूर्णांक एक दशांशही. परीक्षा एवढीच हमी देते की सगळ्या संख्या वास्तव आहेत. बाकी जे लिहिलेलं नाही, ते नाही.

किती वेळ द्यायचा हे तुम्हाला किती गुण हवेत त्यावर आहे. २७ प्रश्नांना ४७ मिनिटं, म्हणजे सरासरी पावणेदोन मिनिटांच्या जरा आत. तुलनेचे प्रश्न माझी मुलं सव्वा मिनिटात संपवतात आणि उरलेला वेळ आलेख-तक्त्यांच्या प्रश्नांना देतात. तुम्हाला १७० पैकी १५५ च्या आसपास पुरत असेल, तर दोन विरोधी आकडे आणि एक वजाबाकी, एवढ्यावर भागेल. १६५ च्या वर हवे असतील तर क्ष² + ९ सारखे प्रश्न चुकवून चालणार नाहीत, आणि त्यासाठी पूर्ण वर्ग करण्याचा हात बसवावा लागेल. तुमच्या विद्यापीठाला जीआरई लागते का, हेही बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती आता ऐच्छिक आहे.

आणि बँकेची अजून एक सवय मोडा. तिथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून शंका आली की प्रश्न सोडायचा हे तुमच्या अंगात भिनलंय. जीआरईत गुण कापत नाहीत. कोरा प्रश्न ठेवणं म्हणजे निव्वळ तोटा. सव्वा मिनिटात दोन विरोधी आकड्यांनी एकच निकाल दिला आणि वजाबाकी जमली नाही, तर तो निकाल टिक करा, खूण करून ठेवा, वेळ उरला तर परत या. त्या भागापुरतं मागे जाता येतं. घाबरून डी मारण्यापेक्षा हे बरं, कारण डी मारायला तुमच्याकडे दुसरा निकाल हवा, आणि तो मिळालेला नाही.

सराव कसा करायचा, तेही विचारलंय. नवे शंभर प्रश्न सोडवू नका. चुकलेले वीस काढा आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहा: कुठल्या दोन किमतींनी उत्तर मोडलं, आणि कुठली अट घातली असती तर ते मोडलं नसतं. दुसरी ओळ लिहायला जड जाते, पण खरा उपयोग तिचाच. माझ्याकडे एक मुलगा आठवडाभर फक्त हेच करत होता, एकही नवा प्रश्न न सोडवता. आठवड्याने त्याला मी प्रश्न दाखवला की तो सोडवायच्या आधी म्हणायचा, “मॅडम, यात ‘क्ष धन’ लिहिलेलं नाहीये.” तिथून पुढे त्याला शिकवायला फारसं उरलं नाही.

सुरुवातीला हा घ्या. अट: क्ष + य = १०. राशी ए: क्ष × य. राशी बी: २५. आधी २ आणि ८ घालून बघाल, मग १ आणि ९, मग ऋण घ्यायचं म्हणून १२ आणि उणे २. कुठे अडकताय ते लक्षात येईल. सुटला की मग सांगा, ‘क्ष आणि य वेगळे आहेत’ एवढी अट वाढवली तर तुमचं उत्तर तेच राहतं का.